खाण दुसऱ्याची, ट्रक आपला

गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजारात एका औषधाच्या दुकानावर आमचे ऑफिस आहे. दोन खोल्या, चार खुर्च्या, एक इन्व्हर्टर. गेल्या वर्षापर्यंत चारही खुर्च्यांवर माणसे होती, आता दोघेच बसतो. धंदा बुडाला असे मात्र कोणी समजू नये. अजूनही महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात कमिशनचे पैसे बँकेत पडतात, आणि पेच आहे तो त्यामुळेच. तोट्यातला धंदा सोडायला फार अक्कल लागत नाही. घर उभे आहे, छप्पर गळत नाही, पण भिंतीला ओल चढताना दिसते आहे, अशा घरात राहायचे की निघायचे हे ठरवणे जड जाते.

धंदा काय, ते आधी सांगतो, कारण आमच्या वाड्यावरही तो कोणाला नीट कळलेला नाही. लग्नाच्या बोलण्यात आई ‘कॉम्प्युटरचे काम’ एवढेच सांगायची आणि समोरचे ‘म्हणजे सरकारी नव्हे’ एवढेच समजायचे. गोव्याला येऊ पाहणारा इंदूरचा किंवा हैदराबादचा माणूस फोनवर काहीतरी शोधतो: दूधसागरची जीप कुठून मिळते, पाळोळेला राहावे की कळंगुटला, पावसात गोवा कसा असतो. त्याला आमचे पान दिसते. त्या पानावरून तो हॉटेल बुक करतो आणि हॉटेलच्या बुकिंगवाल्या कंपनीकडून आम्हाला वाटा मिळतो. ज्याला ॲफिलिएट म्हणतात, तेच हे. जोडीला पानावरच्या जाहिराती. वाळपईपासून काणकोणपर्यंत घरात बसून हे करणारी मुले-मुली आहेत. किनाऱ्यावर शॅक, म्हणजे झोपडीवजा हॉटेल, घालायला, टॅक्सी काढायला भांडवल लागते, याला लॅपटॉप आणि चिकाटी पुरायची. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या आम्हा खाणपट्ट्यातल्या लोकांना पर्यटनाचा पैसा पहिल्यांदा दिसला तो याच वाटेने.

आता ओल कुठून आली ते. गूगलने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘उपयुक्त मजकूर’ या नावाखाली एक बदल केला, सप्टेंबर २०२३ मध्ये त्याचा मोठा फटका छोट्या साइटींना बसला, मार्च २०२४ मध्ये आणखी एक. हे धक्के ओळखीचे होते. गूगलचेच जुने बदल, २०११ चा पांडा आणि २०१२ चा पेंग्विन, ज्यांनी पाहिले, ते म्हणायचे, येतात आणि जातात. पण ऑगस्ट २०२४ मध्ये भारतातल्या शोधांवरही एआयचे तयार उत्तर वर झळकू लागले आणि खेळच बदलला. शोधाच्या यादीतला आमचा क्रमांक जागेवर राहिला, माणूस मात्र त्या उत्तराच्या खाली उतरेनासा झाला. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधले शोध तपासले. एआयचा सारांश नसेल तेव्हा लोक खालच्या एखाद्या दुव्यावर १५ टक्के वेळा जात होते, सारांश असेल तेव्हा ८ टक्के. सारांशातच दिलेल्या दुव्यावर जाणारे १ टक्का. अमेरिकेतला माणूस आणि इंदूरचा माणूस वेगळा असेल, पण आळस सगळीकडे सारखाच.

आमच्या स्क्रीनवर ते असे दिसते: दोन रेघा. एक, आमचे पान किती जणांच्या नजरेसमोर आले त्याची, ती वर चालली आहे. दुसरी, किती जणांनी त्यावर बोट ठेवले त्याची, ती खाली. आधी या दोन रेघा हातात हात घालून चालायच्या. मागच्या मे महिन्यात मी त्या तशाच चालू ठेवून चहा प्यायला खाली उतरलो आणि परत वर यायला मन होईना.

एकदा गंमत झाली. आमच्या दूधसागरच्या पानावर जीप थांबते तिथून धबधब्यापर्यंत किती चालावे लागते, त्याचा आकडा मी चुकीचा टाकला होता. सहा वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्याही नाही. एक दिवस एआयच्या एका मशीनला सहज तोच प्रश्न विचारला, तर अगदी तोच चुकीचा आकडा, वर ‘हा रस्ता निसरडा असू शकतो’ हे माझेच वाक्य थोडे इस्त्री करून. आपल्या परसातला फणस बाजारात दिसावा आणि देठावर आपल्याच कोयत्याची खूण असावी, तसे झाले. आधी राग आला. मग, खरे सांगतो, लाज वाटली. तो आकडा चुकला होता कारण मी तिथे चालून तो लिहिलाच नव्हता, दुसऱ्या कोणाच्या पानावरून उचलला होता. साखळीत बसून आम्ही ‘दक्षिण गोव्यातले दहा सर्वोत्तम किनारे’ लिहिले आहेत, आणि लिहिणाऱ्या पोराने आगोंद पाहिलेले नव्हते. ‘गोव्याला जाण्याचा उत्तम काळ कोणता’ यावर दीड हजार शब्द लिहिले आहेत. उत्तर एका ओळीचे आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि गर्दी नको असेल तर पाऊस. उरलेले सगळे शब्द जाहिराती बसवायला जागा म्हणून होते. मशीनने तो पसारा गिळला तर वाचकाचे काय गेले? काही नाही. आमच्या धंद्यातला निम्मा भाग मरायच्याच लायकीचा होता, हे कबूल केल्याशिवाय पुढचे बोलण्यात अर्थ नाही.

पुढचे म्हणजे: राहायचे की जायचे? या धंद्यातले चार लोक भेटले की आता हाच विषय. एक पक्ष म्हणतो, गाय दूध देते तोवर धार काढ, उगाच दावे सोडू नको. दुसरा म्हणतो, सगळे पळताहेत तर पळू देत, जो शेवटपर्यंत बसेल त्याला मैदान मोकळे. तिसरा म्हणतो, वेळ जाऊ द्या, लोकांना या मशीनचा वीट येईल, ते परत येतील. या तिसऱ्याचे बोलणे ऐकले की मला पाळी गावचा आमचा काका आठवतो.

मी या धंद्यात आलो तोच मुळी खाण बंद पडली म्हणून. काकाचे तीन टिपर, म्हणजे खाणीचा माल वाहणारे ट्रक, होते. पहिला स्वतःच्या पैशाचा, दुसरा-तिसरा फायनान्सवर. तिसरा २००९ मधला. तेव्हा चीनला माती कमी पडत होती. आमच्याकडे लोहखनिजाला मातीच म्हणतात. २०१०-११ मध्ये गोव्यातून सुमारे ५ कोटी टन माल गेला. पाळी, वेळगे, सुर्ला, उसगाव या रस्त्यांवर ट्रकामागे ट्रक, झाडांची पाने बारा महिने तांबडी, सकाळी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या नाकाला रुमाल. आमोणेच्या जेटीवर बार्ज भरायला रांग. खेपेमागे पैसे होते आणि दिवसाला खेपा मारू तितक्या. बँकवाले, फायनान्सवाले घरी येऊन कागद देत. अशा वेळी चौथा ट्रक न घेणारा माणूस गावात भित्रा ठरायचा.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला, १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. काका म्हणाला, ‘जातली रे सुरू. इतक्या लोकांचे पोट आहे, सरकार बघत बसेल काय?’ त्याचे चुकले नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. काही खाणी सुरूही झाल्या. काकाने टिपरांना नवे टायर घातले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ लीजांचे, म्हणजे खाणीच्या भाडेपट्ट्यांचे, नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून परत सामसूम. मग मोर्चे, पणजीत धरणी, दिल्लीवाऱ्या. कर्जदार ट्रकवाल्यांसाठी सरकारने मदतीच्या योजनाही आणल्या. २०२२ च्या शेवटी लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या ब्लॉकात खनिज काढायला खरोखर सुरुवात झाली. काका बरोबर ठरला. खाण सुरू झाली. फक्त तोवर २००९ च्या टिपराची पंधरा वर्षे भरली होती, त्याच्या मागच्या चाकावर दुधीचा वेल चढला होता आणि काकाच्या गुडघ्यांना क्लच दाबवत नव्हता.

‘लोक परत येतील’ म्हणणाऱ्याला म्हणून मी विरोध करत नाही. येतीलही. प्रश्न एवढाच, की ते येईपर्यंत तुझा टिपर उभा राहील का, आणि तोवर हप्ता कोण भरणार. काकाची चूक अंदाजात नव्हती. ट्रक त्याचा होता, डिझेल त्याचे, कर्ज त्याचे, आणि ज्या खाणीवर हे सगळे फिरत होते तिच्या लीजच्या कागदावर त्याचे नाव कुठेही नव्हते. खाणीचा निकाल लागला तेव्हा त्याला कोणी विचारलेही नाही. आमचे तेच आहे. साइट आमची, मजकूर आमचा, पगार आम्ही देतो, आणि माणूस आमच्या दारात आणून सोडणारा रस्ता पूर्णपणे दुसऱ्याच्या मालकीचा. दहा वर्षे तो फुकट वापरला म्हणून तो वडिलोपार्जित वाटायला लागला.

तरी खाणीच्या आणि आमच्या प्रकरणात एक फरक आहे आणि तो आमच्या विरोधात जातो. खाणीवर बंदी आली. बंदीचा एक उपकार असतो: तारीख कळते. ऑनलाइन रमी, फँटसी क्रिकेट यांची मार्केटिंग करून आमच्या दसपट कमावणारी मुले माझ्या ओळखीत होती. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काही दिवसांत सगळे आवरले. (पणजीत मांडवीवर तरंगते कॅसिनो रोषणाई करून उभेच आहेत, पण तो वेगळा विषय.) त्यातला एक जण आठवड्याभरात सासऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसू लागला. मला त्याचा थोडा हेवाच वाटला. त्याला विचार करावा लागला नाही. आमच्याकडे झीज आहे. या महिन्यात थोडे कमी, पुढच्या महिन्यात डिसेंबर म्हणून थोडे जास्त, मग मार्चमध्ये परत खाली. दर वेळी वाटते, आणखी एक सीझन बघू. झीज लागलेला धंदा माणसाला असाच सीझनवर सीझन झुलवत ठेवतो, आणि तेवढ्यात शिल्लक संपते.

जो शेवटपर्यंत बसेल त्याला मैदान, हे मात्र मी झटकून टाकणार नाही. त्यात तथ्य आहे. आमच्या वर्तुळात सत्तरी तालुक्यातला एक एकटा माणूस आहे. सकाळी काजूच्या बागेत, दुपारी साइटवर. खर्च म्हणजे इंटरनेटचे बिल. त्याची कमाई निम्मी झाली तरी त्याला काही वाटत नाही, आणि दुसऱ्या साइटी बंद पडल्या तर त्याच्या वाट्याला चार क्लिक जास्तच येतील. त्याने का सोडावे? त्याचा ट्रक फिटलेला आहे. पण तोच सल्ला मी चार पगार आणि ऑफिसचे भाडे घेऊन मानला असता तर? नफा आहे का, हा प्रश्न दोघांनाही एकच, उत्तरही दोघांचे ‘हो’ असेच, आणि तरी निर्णय उलटे. धंद्यात राहावे की जावे हे धंद्याकडे बघून ठरत नाही, आपल्या हप्त्यांकडे बघून ठरते. म्हणून माझे पहिले मत, सरळ: या क्षेत्रात येणारा पैसा घ्या, लाजू नका, पण त्यातला एक रुपयाही त्याच क्षेत्रात परत टाकू नका. नवा माणूस नको, नवी साइट नको, कर्ज तर मुळीच नको. आता येतो तो नफा नव्हे, ट्रक विकून येणारी रक्कम आहे आणि ती हप्त्या-हप्त्याने मिळते आहे, असे समजून ती बाजूला ठेवा.

याच्या नेमके उलट कोण सांगते आहे पाहा. म्हापशात, मडगावात खांबाखांबावर ‘डिजिटल मार्केटिंग शिका, घरबसल्या कमवा’ असे फलक आहेत. चौकशी केली. कीवर्ड कसा शोधायचा, त्यावर लेख कसा लिहायचा, बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटींवरून आपल्याकडे येणारे दुवे, कशा मिळवायच्या, २०१६ चाच अभ्यासक्रम, वर एआयने लेख लवकर कसे पाडायचे याचा एक धडा. बारावी झालेल्या पोरांकडून हजारो रुपये घेऊन हे शिकवणे म्हणजे २०१२ च्या ऑगस्टमध्ये टिपर विकणे आहे. सरकार कौशल्य प्रशिक्षणावर पैसा खर्च करते. तिथे तरी कोणी विचारावे, की या शिकवणीतून बाहेर पडलेल्या मुलाकडे येणारा ग्राहक कोणाच्या रस्त्याने येणार आहे. खाणपट्ट्यातल्या घरांना एकदा हा अनुभव आलेला आहे, परत तोच विकत घेण्याची गरज नाही.

आता दुसरे मत. ते सांगताना देवाधर्माचा दाखला देतो, कोणी रागावू नये. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टी, बार्देश, तिसवाडीतली देवळे पाडायला घेतली. मंगेश कुशस्थळीत, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीत होता, तो १५६० मध्ये नदीपार प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा, तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगीजांच्या हाताबाहेर. मागे राहिले ते देऊळ, जमीन, तळी, अनेक पिढ्यांचे बांधकाम. ज्यांनी मूर्ती होडीत घातली त्यांना हे सगळे दिसत नसेल असे नाही. पण कुळावी, म्हणजे त्या देवांची कुळे, सुटले नाहीत. कोचीला गेलेले, कारवारला गेलेले, पुण्या-मुंबईला गेलेले साडेचारशे वर्षांनी आजही म्हार्दोळला येतात. जागा गेली, माणसांची यादी राहिली, आणि त्या यादीवर दुसऱ्या काठाला सगळे परत उभे राहिले.

हा दाखला मला पुस्तकातून सुचला नाही. गेल्या हिवाळ्यात सोलापूरचे एक कुटुंब भेटले. कुळदैवत म्हाळसा, अभिषेक म्हार्दोळच्या देवळात ठरलेला. फोनवरच्या मशीनला रस्ता विचारला, त्याने वेर्ण्याला नेले. वेर्ण्यालाही मूळ जागी आता पुन्हा बांधलेले म्हाळसेचे देऊळ आहेच, त्यामुळे मशीन अगदीच खोटे बोलले नाही. पण सत्तरीतली आजी उपाशीपोटी दोन तास गाडीत, आणि पुरोहित तिकडे ताटकळत. हे सांगताना त्या आजी रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. चुकलेल्या अभिषेकाचा हिशेब कोण चुकता करणार, अशी भीती.

तेव्हा ध्यानात आले की आमच्या दहा वर्षांच्या कामात एक कोपरा असा होता, ज्याच्याकडे पैसा कमी म्हणून आम्ही कधी बघितले नाही. महाराष्ट्रातून कुळदैवताला येणारी माणसे. त्यांना दहा सर्वोत्तम किनारे नको असतात. अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या यात्रेकरू-निवासात, खोली मिळेल का, जेवण कुठे, जत्रेच्या दिवशी गाडी कुठपर्यंत जाते, कौल लावायचा तर कोणाला भेटायचे, घरात सुतक पडले तर ठरलेले पुढे ढकलता येते का. यातले अर्धे कुठे लिहिलेले नाही आणि लिहिलेले दर वर्षी बदलते. शिवाय हा माणूस एकदा येऊन संपत नाही. मुलाचे लग्न झाले की येतो, नातू झाला की येतो. गोवा सोडण्याची, विषय सोडण्याची आम्हाला गरज नव्हती. सोडायचा होता तो घाट, जिथे आम्ही दुसऱ्याच्या होडीची वाट बघत बसलो होतो.

यात पैसा आहे का? पूर्वीच्या निम्म्याहून कमी, अजून तरी. खोली, गाडी, जेवण यांवर मिळणारा वाटा, बस. चार माणसे यावर पोसता आली नाहीत. दोघांना जायला सांगितले तो दिवस मी इथे रंगवून सांगणार नाही. त्यातली एक आता डिचोलीत एका होमस्टेचे सगळे फोन आणि बुकिंग बघते, आमच्यापेक्षा बरा पगार घेते. दुसरा अजून शोधतो आहे. जुन्या साइटी चालू आहेत, त्यांच्यावर एक ओळ नवी लिहीत नाही. जे येते ते वेगळ्या खात्यात जाते. दूधसागरचा आकडा तेवढा दुरुस्त केला, चालून येऊन. मशीन अजून जुनाच सांगते.

सध्या ऑफिसात सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे एक लांबट वही, देवळाच्या कचेरीत असते तसली. सकाळी साताऱ्याहून फोन होता. समोरच्या खुर्चीवरची मुलगी कानाला फोन लावून लिहीत होती: आडनाव, कुळदैवत, मूळ गाव माहीत नाही, माणसे नऊ, येणार कार्तिकात. मग थोडा वेळ ती नुसतीच ऐकत राहिली, आणि शेवटी समासात लिहिले: आजोबांना पायऱ्या चढवत नाहीत, खालची खोली.